एककल्लीपणा आणि उपजीविका : स्वमग्न व्यक्तींच्या व्यवसायमार्गदर्शनाचा खानदेशाच्या संदर्भात विचार

भारतात स्वमग्नतेचे मापन करून प्रमाणपत्र देण्यासाठी जी श्रेणी वापरली जाते, ती सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने सिद्ध केली असून २००९ मध्ये ती प्रसृत झाली. तीत ४० विधाने आहेत. सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संज्ञापन, वर्तनाच्या तऱ्हा, संवेदना आणि बोधन अशा सहा विभागांत ती वाटलेली आहेत. प्रत्येक विधानास १ ते ५ गुण द्यावयाचे असल्याने एकूण बेरीज ४० ते २०० यांच्या दरम्यान येते. ती ७० च्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही, १५३ च्या पुढे गेली तर ती तीव्र, असा संकेत आहे. ही श्रेणी वाचीत जाणारा अभ्यासक शेवटच्या दोन विधानांपाशी आला म्हणजे त्यास क्षणभर थांबावे लागते. एकोणचाळिसावे विधान असामान्य स्मरणशक्तीविषयी आहे आणि चाळिसावे एखाद्या विषयातील विलक्षण क्षमतेविषयी. ह्या दोन्ही गोष्टी आढळल्या की गुण वाढतात, आणि गुण वाढले की अपंगत्वाची टक्केवारी वाढते.

निदानशास्त्राच्या दृष्टीने ह्यात वावगे काही नाही. एखादे लक्षण किती वारंवार दिसते एवढेच श्रेणीला मोजावयाचे असते. ते लक्षण उपकारक की अपकारक, हा तिचा प्रश्न नव्हे. अडचण पुढे उत्पन्न होते. शाळा संपते, वय अठराच्या पुढे जाते, आणि मुलाने किंवा मुलीने आता करावयाचे काय ह्या विवंचनेत पडलेल्या पालकांच्या हाती तोच एक कागद असतो. त्या कागदावर मुलाची स्मरणशक्ती नावेच्या बाजूस मांडलेली असते. व्यवसायमार्गदर्शकाचे काम बहुतांशी ही रक्कम जमेच्या बाजूस नेण्याचे आहे.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ व धुळे जिल्ह्याची २०,५०,८६२ इतकी भरली. त्या जनगणनेत अपंगत्वाचे प्रकार नोंदले गेले, परंतु स्वमग्नतेस स्वतंत्र रकाना नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालासाठी केलेला अंदाज १२७ माणसांमागे एक असा आहे. हे प्रमाण त्या जुन्या लोकसंख्येस लाविले तरी दोन्ही जिल्हे मिळून ४९,००० च्या वर माणसे होतात. हिशेब ढोबळ आहे. तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ह्यांतील बहुसंख्य माणसे प्रौढ आहेत, आणि त्यांच्या बालपणी हे निदान जिल्ह्याच्या गावी फारसे कोणास ठाऊक नसल्याने त्यांच्यापैकी कित्येकांकडे कोणताच कागद नाही. गावात त्यांना दुसरी नावे आहेत : घुमा, विचित्र, मुखदुर्बळ, एककल्ली.

ह्यांपैकी शेवटचा शब्द विचार करण्याजोगा आहे. मराठीत तो दूषण म्हणूनच योजला जातो; परंतु त्यात ‘कल’ ऐकू येतो, आणि कल ओळखणे हा तर व्यवसायमार्गदर्शनाचा पाया होय. सामान्य विद्यार्थ्याचा कल शोधून काढण्यासाठी कसोट्यांची माळ लावावी लागते. स्वमग्न मुलाचा कल घरातील सर्वांना, शेजाऱ्यांनाही, पाठ झालेला असतो. किंबहुना तो त्यांना नकोसा झालेला असतो.

बाल्टिमोर येथील लिओ कॅनर ह्यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि त्यापासून ह्या विषयाची रूढ गणना सुरू होते. (त्यापूर्वी १९२० च्या दशकात मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा ह्यांनी अशाच सहा मुलांचे वर्णन केले होते, त्याची दखल फार उशिरा घेतली गेली.) कॅनर ह्यांच्या अकरांपैकी पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट हा होय. त्याचा जन्म १९३३ चा, गाव अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट. वस्तू मोजणे, मापणे आणि तेच तेच पुनःपुन्हा करणे ह्यांत तो गढून जाई. काही काळ त्याला गावापासून थोड्या अंतरावरील एका शेतकरी दांपत्याकडे ठेवण्यात आले. १९४५ मध्ये कॅनर तेथे जाऊन आले आणि जे दिसले त्याची हकीकत त्यांनी १९७१ च्या आपल्या पाठपुराव्याच्या लेखात दिली. मुलाला मापण्याचा नाद आहे असे पाहून शेतकऱ्याने त्याला विहीर खणावयास लाविले आणि ती किती खोल गेली हे सांगण्याचे काम दिले. मुलगा मेलेले पक्षी आणि किडे गोळा करीत असे. त्यांना पुरण्यासाठी त्याला एक जागा नेमून देण्यात आली. तो मक्याच्या ओळी मोजीत बसे. तेव्हा नांगर धरून त्या ओळी मोजावयाच्या, असे ठरले. कॅनर ह्यांच्या देखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या, आणि घोडा व नांगर तो ज्या सफाईने वळवीत होता ते पाहून त्यांना आश्चर्य वाटले.

ह्या शेतकऱ्याने मानसशास्त्राचा ग्रंथ उघडला असण्याचा संभव नाही. त्याने केले ते एवढेच की मोजण्यास मनाई केली नाही, आणि मोजण्याला असा एक हेतू जोडून दिला की ज्याची गरज दुसऱ्या कोणास तरी होती. मक्याच्या ओळी मोजणे हे लक्षण होते. नांगरता नांगरता मोजणे हे काम झाले. मुलाच्या मनात त्यामुळे काही पालट झाला असे मानण्याचे कारण नाही. पालट झाला तो मोजण्याच्या स्थानात.

खानदेशच्या वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये. यावल-रावेरकडील केळीच्या नव्या लागवडीत एखादा मुलगा रोज तीच रोपे मोजीत हिंडत असेल, तर कोठे रोप मेले आहे हे घरात सर्वांआधी त्याला कळते. नांग्या भरावयाच्या वेळी हीच माहिती मजुराला शोधीत फिरावे लागते. ती माहिती त्या मुलाकडे असते, परंतु ती कोणी विचारीत नाही. आणि न विचारता सांगणे हेच त्याला जमत नाही.

डोनाल्डचे पुढे काय झाले? त्याने महाविद्यालयात जाऊन १९५८ मध्ये पदवी घेतली आणि गावच्या बँकेत तो रोखपाल म्हणून काम करू लागला. त्या बँकेशी त्याचा संबंध सुमारे पासष्ट वर्षे राहिला; २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला. ह्या कथेतील एक भाग मात्र नजरेआड करता येत नाही. बँकेत त्याच्या आईच्या माहेरचा वाटा होता आणि वडील वकील होते. माणसांना क्रमांक देऊन त्या क्रमांकाने ओळखणाऱ्या रोखपालाला गावाने सांभाळून घेतले, ह्यात गावाच्या सहिष्णुतेइतकाच घराण्याच्या वजनाचाही भाग असला पाहिजे. अकरांपैकी दुसरा एक मुलगा, फ्रेडरिक, कार्यालयातील प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करू लागला व तेथे टिकला. जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत धाडली गेली त्यांची वाढ तेथेच खुंटली; ते दाखल होणे म्हणजे जन्मठेपच ठरली, असा अभिप्राय कॅनर ह्यांनी नोंदविला आहे. मूळ वृत्तान्तात ही मुले एकमेकांहून फार निराळी दिसत नाहीत. त्यांच्या आयुष्यांत जे अंतर पडले त्याचा मोठा वाटा त्यांना कोठे ठेवले गेले ह्याकडे जातो.

एककल्लीपणाचे शास्त्रीय स्पष्टीकरण कसे करावयाचे, ह्याविषयी गेल्या चाळीस वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. १९८३ मध्ये अमिता शहा व उटा फ्रिथ ह्यांनी दाखवून दिले की मोठ्या चित्रात दडविलेली लहान आकृती शोधून काढण्यात स्वमग्न मुले समान मानसिक वयाच्या इतर मुलांपेक्षा सरस ठरतात. सबंध चित्राचा अर्थ इतरांच्या डोळ्यांस बांधून टाकतो. ह्या मुलांना तो तितका बांधीत नाही. २००५ मध्ये दिना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर ह्यांनी अवधानाची उपपत्ती मांडली. तीनुसार सर्वसामान्य माणसाचे अवधान एकाच वेळी अनेक गोष्टींवर पातळ पसरते, तर स्वमग्न माणसाचे अवधान एखाद्याच पाटातून पाणी वाहावे तसे जोराने एकीकडे वाहते. पाट मध्येच मोडून दुसरीकडे वळविला की बांध फुटतो; ज्याला घरचे लोक ‘आदळआपट’ म्हणतात ती पुष्कळदा हीच स्थिती असते. ह्या उपपत्तीचा व्यावहारिक निष्कर्ष सरळ आहे. पाट बदलण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा त्याच्या वाटेवर शेत कोठे आहे हे पाहावे.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. १९८८ मधील ‘रेन मॅन’ ह्या चित्रपटापासून लोकांची अशी समजूत झाली की प्रत्येक स्वमग्न माणसात एक गुप्त प्रतिभा दडलेली असते. वस्तुस्थिती तशी नाही. विलक्षण क्षमता अल्पसंख्यांतच आढळते. पुष्कळांना बौद्धिक अक्षमतेचीही जोड असते, आणि काहींना बोलता येत नाही. ज्या पालकांच्या मुलात अशी प्रतिभा दिसत नाही त्यांना ही समजूत दुहेरी दुःख देते. कामासाठी प्रतिभेची आवश्यकता नसते. टिकून राहणारी आवड असावी लागते, आणि ती बहुतेकांस असते. रंगांप्रमाणे वस्तू लावणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलीचा कल हा रेल्वेचे वेळापत्रक मुखोद्गत असणाऱ्या मुलाच्या कलाइतकाच कल होय.

मग हा कल कामापर्यंत का पोहोचत नाही? ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तेथील स्वमग्न प्रौढांपैकी सुमारे २२ टक्केच कोणत्याही प्रकारच्या नोकरीत होते, म्हणजे अपंगत्वाच्या बहुतेक इतर प्रकारांपेक्षा कमी. ह्याचे एक मोठे कारण दारातच उभे आहे, ते म्हणजे मुलाखत. मुलाखतीत उमेदवाराला नजरेस नजर द्यावी लागते, अनोळखी माणसांपुढे स्वतःविषयी चांगले बोलावे लागते आणि प्रश्नामागचा प्रश्न ओळखावा लागतो; म्हणजे मापनश्रेणीच्या पहिल्या तीन विभागांची ती तोंडी परीक्षाच असते. बाटल्या तपासण्याच्या किंवा नोंदी जुळविण्याच्या कामाशी ह्यातील कशाचाही संबंध नसतो.

ह्या अडथळ्याला वळसा घालण्याचा मार्ग टेम्पल ग्रँडिन ह्यांच्या उदाहरणात दिसतो. १९४७ मध्ये जन्मलेल्या ग्रँडिन स्वतः स्वमग्न असून त्या कोलोराडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. तरुणपणी मावशीच्या कुरणावर, गुरांना लस टोचताना ज्या चौकटीत धरून ठेवतात, त्या चौकटीचा त्यांना ध्यास लागला. शाळेतील अनेकांना तो ध्यास विकृत वाटला. त्यांच्या विज्ञानशिक्षकाने मात्र तो प्रयोगाच्या आणि वाचनाच्या वाटेस लाविला. पुढे गुरे हाकण्याच्या वाटा व गोठे आखण्याचा व्यवसाय करताना त्या स्वतःविषयी बोलण्याऐवजी आपली रेखाचित्रे समोर पसरीत. गिऱ्हाईक चित्रे पाही, आणि मग माणसाच्या बोलण्यातील विचित्रपणा गौण ठरे. डेन्मार्कमध्ये थोरकिल सोन ह्यांच्या स्वमग्न मुलाने युरोपच्या रस्त्यांच्या नकाशासंग्रहातील अनुक्रमणिकेचे पान आठवणीने काढून दाखविले. त्यातून प्रेरणा घेऊन सोन ह्यांनी २००४ मध्ये जी संस्था काढली तीत उमेदवाराची पारख मुलाखतीने न करता काही आठवड्यांच्या प्रत्यक्ष कामाने केली जाते. ह्याच संस्थेच्या साहाय्याने सॅप ह्या जर्मन कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या योजनेचा आरंभीचा प्रयोग बंगळूर येथील कार्यालयात, स्वमग्न तरुणांस संगणकीय प्रणालींच्या तपासणीवर नेमून, झाला होता.

परंतु बंगळूरचे उदाहरण जळगाव-धुळ्याच्या पालकांस सांगणे म्हणजे त्यांना दुरून डोंगर दाखविणे होय. घर, ओळखीचा रस्ता आणि ओळखीचे जेवण ज्याच्या स्थैर्याचा आधार आहे त्याला सहसा दूरच्या शहरी नोकरीस पाठविता येत नाही. काम जवळच शोधले पाहिजे, आणि खानदेशात ते शोधण्यास जागा आहे.

केळीचेच पाहावे. टिश्यू कल्चरच्या रोपांची प्रयोगशाळा ही शांत, थंड व स्वच्छ जागा असते. कामगार निर्जंतुक हवेच्या झोतासमोर बसून चिमटा व सुरीने कोंब विलग करतो आणि नव्या बाटलीत लावतो. पावलांचा क्रम दिवसभर तोच. वाढीच्या खोलीत फळ्यांवर हजारो बाटल्या असतात आणि त्यांतील बुरशी धरलेली बाटली वेळीच हुडकून काढावी लागते. शहा व फ्रिथ ह्यांच्या दडविलेल्या आकृतीची ही व्यावसायिक आवृत्तीच म्हणावयाची. जळगावच्या सराफ बाजारात दागिन्यांची मोजदाद, वजन आणि चिठ्ठीवरील आकडे जुळविणे हे नित्याचे काम आहे. २०२१ पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांकांचा ओळखक्रमांक आल्याने ते वाढले आहे. औद्योगिक वसाहतीत चटया व नळ्या बनविणारे कारखाने आहेत. तेथे दोष हुडकण्याची जागा आहे, परंतु यंत्रांचा आवाज आणि उन्हाळ्यात पत्र्याखालील उष्णता ह्यांचा विचार प्रथम करावा लागेल. धुळ्याच्या यंत्रमागांच्या शेडमधील खडखडाट तर ज्याला मिक्सरचा आवाज सोसत नाही त्याला पहिल्याच दिवशी पळवून लावील. ह्याच्या उलट, संवेदनेची भूक असणारे, तालबद्ध आवाजात रमणारे स्वमग्न तरुणही असतात. म्हणून कामाची यादी करून भागत नाही. माणसागणिक कान, डोळे आणि त्वचा ह्यांचा हिशेब करावा लागतो.

धुळ्याचे आणखी एक धन आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळे येथे निवर्तले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात आणि श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या कागदपत्रांचे व हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. अशा संग्रहांत पाने क्रमाने लावणे, पृष्ठांक पडताळणे, छायाप्रत मूळ पानाशी ताडून पाहणे, सूचीतील क्रमांक जुळविणे ही कामे संपत नाहीत, आणि ज्यांना ती कंटाळवाणी वाटत नाहीत अशी माणसे मिळत नाहीत. अक्षरांचेच वेड असलेल्या मुलाला मोडी लिपी शिकविणे हा तर प्रयोग करून पाहण्याजोगा विषय आहे. (राजवाड्यांच्या एकांतप्रियतेवरून त्यांच्यावरच मरणोत्तर निदान चिकटविण्याचा मोह एखाद्यास होईल, तो टाळलेला बरा.)

ह्या सर्वांशी विशेष शाळांतील रूढ कार्यशाळांची तुलना करावीशी वाटते. दिवाळीपूर्वी पणत्या रंगविणे, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फाइली ह्या पलीकडे त्यांची मजल क्वचितच जाते. हेतू चांगला असतो. हात चालतो, प्रदर्शनात माल खपतो. परंतु काम निवडताना काय खपेल हे पाहिलेले असते, कोणास काय आवडते हे नव्हे. शिवाय तेथे मिळणारी रक्कम बक्षिसाच्या स्वरूपाची असते, वेतनाच्या नव्हे. तक्रार न करणारा, सुट्टी न मागणारा, एकच काम आठ तास करणारा कामगार कोणत्याही मालकास आवडेल. म्हणूनच त्याला किमान वेतन मिळते की नाही हे पाहण्याची जबाबदारी मार्गदर्शकावर अधिक पडते.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी : १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम नाव दिले व जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत पालकत्वाची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारांत तिचा समावेश झाला आणि सरकारी पदांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अपंगत्व ह्या सर्वांना मिळून ठेवण्यात आला. एका टक्क्यात पाच वाटेकरी असल्यावर परीक्षेत जो सरस तो पुढे जाणार, हे उघड आहे. जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दिव्यांग तरुणांस स्पर्धापरीक्षांचे निवासी प्रशिक्षण मिळते. ज्या स्वमग्न तरुणांस अभ्यास झेपतो त्यांना असा मार्ग मोकळा आहे. खाजगी मालकांवर सक्ती नाही. सरकारी आस्थापनेवर मात्र वाजवी सोयी करून देण्याचे बंधन आहे, आणि स्वमग्न कर्मचाऱ्याच्या बाबतीत ह्या सोयी स्वस्त असतात : ठरलेली जागा, लेखी सूचना, बदलाची पूर्वसूचना, कानावर आवाज रोखणारे साधन.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्यात करण्याजोगे काम आहे ते स्थानिक व्यवसायांच्या कार्यविश्लेषणाचे. १९७० च्या दशकात मार्क गोल्ड ह्यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या, ज्यांच्याविषयी सर्वांनी आशा सोडली होती अशा माणसांकडून सायकलच्या ब्रेकची सुटी जोडणी अचूक करवून घेतली. त्यांचे साधन एवढेच की काम लहान लहान पावलांत फोडावयाचे आणि पाऊल चुकले तर माणसाला दोष न देता पाऊल आणखी लहान करावयाचे. असे विश्लेषण अमेरिकेतील कारखान्याचे उसने आणून चालणार नाही. ते येथल्या कामाचे, आणि शिकणारा घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलत असेल तर त्या बोलीतील शब्दांत झाले पाहिजे.

बुरशीची बाटली हुडकण्याचे काम घेतले तर पावले साधारण अशी पडतात : फळीचा क्रमांक पाहणे, डावीकडची पहिली बाटली उचलणे, ती दिव्यासमोर धरणे, आधी तळ व मग काचेची कड पाहणे, पांढरा तंतू किंवा गढूळपणा नसेल तर बाटली परत जागेवर ठेवणे, असेल तर लाल तबकात ठेवणे, वहीत खूण करणे. इथपर्यंत शिकणे बहुधा लवकर साधते. अडते ते पुढे. एकाच फळीवरच्या ओळीने पाच बाटल्या बिघडल्या तर माध्यमात किंवा हवेच्या गाळणीत दोष असण्याचा संभव असतो आणि ते तत्काळ कोणास तरी कळावे लागते. अनुभवी कामगार उठून सांगतो. स्वमग्न कामगार पाचही बाटल्या अचूक वेगळ्या करतो, वहीत पाच खुणा करतो आणि सहावी उचलतो. त्याच्या यादीत ‘सांगणे’ हे पाऊल कोणी लिहिलेले नसते. ते लिहावयाचे तर ‘गरज वाटल्यास कळवावे’ असे लिहून उपयोग नाही. एका फळीवर पाच खुणा झाल्या की पिवळे कार्ड उचलावे आणि दाराजवळच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंच्या पुढे ठेवावे, असे लिहावे लागते. आणि ताई रजेवर असतील त्या दिवशी कार्ड कोणापुढे ठेवावयाचे, हेही त्याच कागदावर.